बागेतल्या मॉडेल रेल्वेसाठी लेझर-कट लाकडी डब्यांची किट: हिवाळाभर जोडून आणि उन्हाळाभर चालवून झाल्यावर

घ्याच, पण चाकांचे आणि रंगाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. किटच्या किमतीत डबा तयार होत नाही, किटच्या किमतीत फक्त कापलेलं लाकूड मिळतं. ते लाकूड सुंदर कापलेलं असतं, प्रश्नच नाही, पण हा डबा बागेत टिकणार की पहिल्याच पावसाळी वीकेंडला वाकणार हे तुम्ही त्याला आतून-बाहेरून किती नीट सील केलंय त्यावर ठरतं आणि याबद्दल किटबरोबरच्या कागदावर जेमतेम एक ओळ असते, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी गेल्या शरदात तीन किट घेतली, दोन चारचाकी डबे आणि एक लांब बोगीवाला, म्हणजे दोन्ही टोकांखाली स्वतंत्र वळणारी चाकांची गाडी (बोगी) असलेला. चारचाकींपैकी एक एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), दुसरं बर्च प्लायचं, म्हणजे बर्च लाकडाच्या प्लायवुडचं, बोगीवालं पण प्लायचं. हिवाळाभर जोडली आणि मार्चपासून इथे यॉर्कशायरच्या बागेत गॅसवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनामागे धावतायत.

ज्यांना स्केल माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रिटनमध्ये नॅरोगेजच्या बागेतल्या गाड्यांना १६ मिमी स्केल चालतं, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये १६ मिमी, साधारण १:१९. दोन फुटी रेल्वेला त्यामुळे बरोबर ३२ मिमीचा रूळ लागतो. आपली नेरळ-माथेरान पण दोन फुटीच, १९०७ ची, आणि तिचं ७४० नंबरचं जर्मन बनावटीचं इंजिन तर इथेच लेटन बझर्डच्या रेल्वेकडे आहे. मला शेवटी माथेरानचा डबा करायचाय, त्याचं तयार किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून आधी इथल्या डब्यांवर हात बसवायचा असं ठरवून सुरुवात केली.

पाकीट उघडलं की जळक्या लाकडाचा वास येतो, चारपाच दिवसांत जातो. भाग सगळे एकाच शीटमध्ये छोट्या जोडांनी अडकवलेले असतात, ते हाताने दाबून काढायचे नाहीत, पातळ ब्लेडने मागच्या बाजूने कापायचे, नाहीतर खिडक्यांमधल्या बारीक उभ्या पट्ट्या मोडतात. दीड मिमी प्लायला तीनच थर असतात, वरच्या थराचा दाणा, म्हणजे लाकडातल्या रेषांची दिशा, आडवा असला तर त्या पट्टीत जीव म्हणून नसतो. चांगल्या किटमध्ये दाणा पट्टीच्या लांबीने धरलेला असतो, माझ्या बोगीवाल्यात होता आणि तिथे एकही पट्टी मोडली नाही.

खाचा आणि जीभा इतक्या अचूक बसतात की डिंक न लावता आख्खा डबा उभा करून बघता येतो, आणि तसा बघाच, कारण बाजू तीन थरांच्या असतात, आतला थर, मधे काचेची जागा, बाहेर उठावाच्या पट्ट्यांचा थर, कुठला आधी चिकटवायचा हे डोक्यात बसल्याशिवाय डिंकाला हात लावू नये. लेझरने कापलेली कड काळी असते, त्या काजळीवर डिंक नीट धरत नाही. २४० नंबरचा पॉलिश पेपर एकदा हलका फिरवायचा, बास, जास्त घासलं तर जीभ खाचेत सैल होते आणि मग लेझरच्या अचूकपणाचा फायदाच गेला. डिंक मी टाइटबाँड ३ वापरला, पाण्याला टिकतो. सुपरग्लू काचेच्या जवळपासही नको, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक येते. काटकोनासाठी छोटा गुण्या हवाच. एक बाजू चौकोनात नसली की छत बसत नाही आणि छत नाही बसलं की सगळा डबा उदास दिसतो.

आता सीलिंग. प्लाय असो की एमडीएफ, लाकूड एका बाजूने दमट आणि दुसऱ्या बाजूने रंगवलेलं असलं की वाकतं. म्हणून मी सगळे भाग जोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ हात) मारला, जिथे डिंक लागणार तिथे मास्किंग टेप लावून, आणि जमिनीच्या खालच्या बाजूला, छताच्या आतल्या बाजूला, बाकांच्या खाली, म्हणजे जिथे कोणीही बघणार नाही तिथे पण. मग कारचा प्रायमर, मग रंग, मग सॅटिन वॉर्निश. प्लायचे दोन्ही डबे आजही पट्टी लावून बघितले तर सरळ आहेत. एमडीएफवाल्याला पण हेच सगळं केलं होतं, कडांना तर दोनदोन हात, तरी एका रिमझिम दुपारनंतर खालची कड थोडी फुगलीच. एमडीएफ म्हणजे दाबलेले लाकडाचे तंतू, कापलेल्या कडेतून पाणी ओढून घेतात आणि एकदा फुगले की परत बसत नाहीत. घरात टेबलावर चालवायचं असेल तर एमडीएफ छान, गुळगुळीत, रंग सुंदर बसतो, पण बागेसाठी मी परत घेणार नाही.

वॉर्निश का, तर वाफेचं इंजिन धुराड्यातून नुसती वाफ सोडत नाही, त्यात सिलिंडरचं तेल असतं, आणि सुरुवातीला थंड सिलिंडरमधलं पाणी आणि तेल मिळून जे फुर्रकन उडतं ते सरळ पहिल्या डब्याच्या छतावर आणि पुढच्या भिंतीवर. मॅट रंगावर ते डाग आत मुरतात, सॅटिनवरून फडक्याने पुसले जातात. इलेक्ट्रिकवाल्यांना हा त्रास नाही.

छताचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. ०.८ मिमी प्लायचा पत्रा गरम पाण्यात भिजवायचा, पाइपावर गुंडाळून क्रेप बँडेजने बांधायचा आणि रात्रभर सोडायचा, सकाळी छान कमान येते. मग त्यावर पातळ मलमल पातळ केलेल्या डिंकाने चिकटवून वरून राखाडी रंग. खऱ्या जुन्या डब्यांची छतं पण लाकडी फळ्यांवर कॅनव्हास ताणून, सफेदा लावून केलेली असायची, त्यामुळे कापडाचं ते किंचित खरखरीत पोत प्लास्टिकच्या छताला कधीच येत नाही. छत चिकटवून टाकू नका, चार कोपऱ्यांत छोटे लोहचुंबक लावा, आत माणसं बसवायला आणि कोळी काढायला उपयोगी पडतं.

खरी कटकट चाकांची. चाकं वेगळी घ्यायची हे दुकानाच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं. एका किटमध्ये ॲक्सलला पितळी बुश (ज्यात ॲक्सल फिरतो त्या छोट्या नळ्या) होते, दुसऱ्यात नुसतं प्लायमधलं भोक, आणि स्टीलचा ॲक्सल लाकडात फिरला की भोक लांबट होणारच, जूनपर्यंत तो डबा डुलायला लागला होता. पितळी बुश किमतीने किरकोळ आहेत, ते किटमध्येच द्यायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं म्हणजे लाकडी डबा फार हलका, रुळाच्या जॉइंटवर उडतो. बाकांच्या खाली, जितकं खाली जमेल तितकं, लोखंडी वॉशर चिकटवा. डबा जोडून झाला की आरशावर ठेवून बघा, चारही चाकं टेकली पाहिजेत. बागेतला रूळ कितीही नीट टाकला तरी जमीन हलते, आणि ताठ चारचाकी डब्याचं एक चाक अधांतरी राहिलं की वळणावर उतरतो. बोगीवाल्याला हा त्रास नाही, बोग्या स्वतःच जमवून घेतात.

पण बोगीवाल्याचं वळणाचं बघून घ्या. माझा डबा लिंटन-बार्नस्टेपल रेल्वेचा, १८९८ ला सुरू होऊन १९३५ ला बंद पडलेली लाइन, तिचा एक मूळ डबा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे आणि एक वेल्समध्ये फेस्टिनिओग रेल्वेकडे. खरे डबे ३९ फुटांच्या वरचे, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास ६३ सेंमी! पेको या मॉडेल रूळ बनवणाऱ्या कंपनीचं तयार वळण ७६२ मिमी त्रिज्येचं येतं, त्यावर एवढा लांब डबा चालवायचा म्हटलं तर पायऱ्यांच्या फळ्या बोगीला घासतात आणि डब्याची टोकं इतकी बाहेर येतात की बघवत नाही. मी लवचीक रूळ टाकून वळण मोठं करून घेतलं, जागा गेली, पण आता तो डबा हिरव्या रंगात वळून जाताना जो दिसतो त्यासाठी मी फुलझाडांचा वाफा आनंदाने दिला.

खर्चाचं म्हणाल तर चारचाकी मला पन्नास पौंडांच्या आसपास पडला, चाकं, बुश, कपलिंग, रंग धरून साधारण दीडपट. वेळ मात्र भरपूर लागतो आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ रंग वाळायची वाट बघण्यात जातो, घाई असेल तर तयार डबा घ्या.

माथेरानच्या डब्यासाठी मी आता मोजमापं जमवतोय, बाजू इथल्याच एका लेझरवाल्याकडून बर्च प्लायमध्ये कापून घेणार, खालचा सांगाडा मात्र बोगीवाल्या किटचाच. कोणाकडे जुन्या लाकडी डब्यांचे बाजूने, शक्यतो समोरासमोर उभं राहून काढलेले फोटो असतील तर नक्की कळवा, दरवाज्याची उंची दिसत असेल तर फारच उत्तम.