इलस्ट्रिस टीएनजीचा खुला डेटा वापरून बघाच

विश्वाच्या या कॉम्प्युटर सिम्युलेशनचा डेटा बरेच दिवस वापरतोय, म्हटलं आता लिहून टाकूया. त्यातलं टीएनजी१०० आणि टीएनजी३०० (विश्वाचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे) डिसेंबर २०१८ मध्ये सगळ्यांना खुलं झालं, टीएनजी५० नंतर आलं. नाव नोंदवायचं, मग डेटा वापरायची चावी (एपीआय की) मिळते, पैसे काही नाहीत. सगळा डेटा पेटाबाइटच्या घरात आहे पण तो उतरवायची गरजच पडत नाही, हेलोंचा (डार्क मॅटर म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचे गोळे, ज्यांच्या आत गॅलक्सी असतात) कॅटलॉग घेतला तरी भरपूर काम होतं.

मला एवढंच बघायचं होतं की डार्क मॅटरच्या हेलोच्या वजनावरून आतली गॅलक्सी ओळखता येते का. ताऱ्यांचं वजन भागिले हेलोचं वजन, असा ग्राफ काढला आणि मस्त डोंगर दिसला, सूर्याच्या साधारण १ लाख कोटी पट वजनाच्या हेलोजवळ शिखर, तिथे तारे जेमतेम तीन-चार टक्के, दोन्ही बाजूंना उतार. छोट्या हेलोत सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) गॅस उडवून लावतात, मोठ्यात मधलं ब्लॅक होल गॅस थंडच होऊ देत नाही, म्हणून तारे कमी. फक्त एक लक्षात ठेवा, डेटातली वजनं ०.६७७४ ने (हबल स्थिरांकाचा आकडा, h) भागायची असतात, मी विसरलो होतो, गुणोत्तर बरोबर आलं पण शिखर डावीकडे सरकलं आणि दोन दिवस त्यातच गेले.

पण खरं सोनं आहे ते डार्क रनमध्ये! सुरुवात अगदी तीच, पण गॅस नाही, तारे नाहीत, नुसतं गुरुत्वाकर्षण, त्यामुळे तोच हेलो दोन्हीकडे शोधून शेजारी ठेवता येतो. छोटे हेलो पूर्ण रनमध्ये चक्क हलके निघतात, कारण गॅस बाहेर गेला की ओढ कमी होते आणि पुढे डार्क मॅटरही कमी जमा होतं. म्हणजे हेलो गॅलक्सी घडवतो तसं गॅलक्सीही हेलोला बदलते, हे स्वतःच्या स्क्रीनवर बघताना मला फार भारी वाटलं.

आणि वजन सारखं असूनही तारे कमीजास्त का, तर मर्जर ट्री (कोणता हेलो कशाकशातून जुळत वाढला याची वंशावळ) उघडा, जो हेलो लवकर जमला त्यात सहसा तारे जास्त सापडतात, कारण त्याला वेळ जास्त मिळाला.

सुपरनोव्हा आणि ब्लॅक होलचे नियम सिम्युलेशनमध्ये माणसांनीच ठरवून घातलेत, त्यामुळे एखादा निष्कर्ष पक्का धरण्याआधी ईगल या दुसऱ्या सिम्युलेशनच्या खुल्या कॅटलॉगमध्येही तो ताडून बघा. नवीन असाल तर टीएनजी१०० चा ९९ नंबरचा स्नॅपशॉट (एका क्षणाचं चित्र) घ्या, तो आजच्या काळातला आहे.