बाळाच्या हृदयाचा दोष: ऑपरेशन की स्टेम सेल?
दूध ओढताना दमणारं, कपाळाला घाम सुटणारं बाळ आमच्या गोंदियाकडच्या गावांत ‘अशक्त’ म्हणून घरीच राहतं. मग निदान झालं की आईबाप विचारतात, शेत गहाण टाकून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायचा उपचार, करायचा का?

हृदयाला छिद्र असेल तर तुलनाच नको. लहान छिद्र कधी आपोआप बुजतं. मोठं असेल तर ऑपरेशन, किंवा काही वेळा मांडीच्या शिरेतून नेलेलं, छिद्र बंद करणारं डिव्हाइस. पेशी टोचून ते बुजत नाही. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मोफत तपासतं, पुढे पाठवतं. पलीकडे नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात.

स्टेम सेलचा अभ्यास झाला तो बराचसा वेगळ्याच दोषावर. त्यात हृदयाची डावी बाजू पुरती वाढलेलीच नसते आणि टप्प्याटप्प्याने तीन ऑपरेशनं लागतात. अमेरिकेतल्या एल्पिस चाचणीत दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळीच हृदयाच्या स्नायूत पेशी टोचल्या. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात बाळं अवघी १०. म्हणजे तिथेही ऑपरेशन टळलं नाहीच. त्या संशोधनाची मला मनापासून आशा आहे. पण आपल्याकडे या दोषांसाठी हा उपचार मंजूर नाही, आणि चाचणीत पेशी देण्याचे पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर सातबारा घरीच राहू द्या. आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.