हापूसचं घनफळ: सूत्र की पाणी?

रत्नागिरीच्या हापूसचं घनफळ काढायचं, तर वाटा दोन. सूत्राने आंबा लंबगोल धरायचा: लांबी, रुंदी, जाडी गुणून त्याला पायने (π, सुमारे 3.14) गुणा, 6 ने भागा. 9, 7 आणि 6 सेंटिमीटरचा आंबा 198 घनसेंटिमीटर भरतो. पण देठाकडचा खांदा सूत्राला दिसतच नाही.

पाण्याला दिसतो! टोप काठोकाठ भरा, आंबा हलकेच सोडा, परातीत सांडलेलं पाणी मापा. जितके मिलिलिटर, तितके घनसेंटिमीटर. (कोवळा आंबा तरंगतो, तो सुईने पुरता दाबावा लागतो, तयार झालेला आपसूक बुडतो, बागायतदार तसाच पारखतात.) मुलांना मी आधी पाणीच दाखवते.

गोल विहिरीला मात्र सूत्रच हवं: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले पाण्याची खोली.