‘मँडरिन’ टंक : दुरून चिनी, जवळून कुठलाच नाही

गुझेंग या चिनी तंतुवाद्याच्या एका ध्वनिमुद्रणासाठी जुन्या रेकॉर्डसारखे वेष्टन तयार करताना ‘मँडरिन’ या टंकाची (फाँटची) संगणकीय आवृत्ती मी काही दिवस वापरली. कुंचल्याचा भास निर्माण करणारी ही रोमन अक्षरे अमेरिकेतील क्लीव्हलँड टाइप फाउंड्री या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कंपनीने १८८३ साली ‘चायनीज’ या नावाने काढली होती. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, झाला होता.

मोठ्या आकारात टंक चोख काम करतो. १२ इंची वेष्टनावरचे दोन-तीन शब्दांचे शीर्षक दुरूनही नजर खेचते. कलाकारांची नावे आणि गाण्यांची यादी मात्र यात मुळीच लावू नये. लहान आकारात पाचरीसारखे तुकडे एकमेकांत मिसळून वाचणाऱ्याला अडखळायला लावतात.

माझा खरा आक्षेप कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या घडणीवर आहे. चिनी सुलेखन शिकणारे ‘योंग’ या एका अक्षरातील ८ फटकाऱ्यांवर हात बसवतात, कारण प्रत्येक फटकाऱ्याला स्वतःची दिशा, दाब आणि ठरलेला क्रम असतो. ‘मँडरिन’मध्ये यातले काहीच नाही, रोमन अक्षरांच्या सांगाड्यावर टोकदार तुकडे तेवढे बसवले आहेत. अमेरिकी संगीतकार मार्टिन डेनी यांच्या १९५७ सालच्या ‘एक्झॉटिका’ या अल्बमने ज्या संगीतप्रकाराला नाव दिले, त्यात पॅसिफिक बेटे आणि आशिया मिळून एकच काल्पनिक प्रदेश तयार झाला होता, आणि अशी अक्षरे दृश्य रूपात तेच करतात : चीन आणि जपान यांच्यातला फरकच पुसून टाकतात. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलमालकांनीही अशी अक्षरे आपल्या पाट्यांवर लावली, हे खरे. पण अनोळखी गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणण्याची त्यांची निकड संगीताच्या वेष्टनाला नाही.

मराठी वाचकाला ही बोच चटकन कळावी. परदेशांतील भारतीय हॉटेलांच्या पाट्यांवर ‘समरकन’सारख्या टंकातली, शिरोरेषेला टांगलेली रोमन अक्षरे दिसतात, तेव्हा बोरूची तिरपी काप आणि काना-वेलांटीचा तोल जाणणाऱ्या डोळ्याला ती देवनागरी वाटत नाहीत.

त्यामुळे मी ‘मँडरिन’ बाजूला ठेवला, शीर्षक साध्या जाड रोमन टंकात लावले आणि वादकाचे नाव चिनी लिपीत एका जाणकार सुलेखनकाराकडून कुंचल्याने लिहून घेतले.