कंपासपेटीतलं ‘मँगो आईस’: विज्ञानाच्या बाईंनी केलेलं परीक्षण

वस्तू: एकदा संपली की फेकून द्यायची ई-सिगारेट, आंब्याची चव. माझ्याकडून एकही तारा नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत ही वस्तू सापडली. पालकसभेत समजावून सांगता यावं म्हणून मुख्याध्यापकांनी ती माझ्याकडे दिली, तेव्हा उलटसुलट करून नीट पाहिली.

दिसायला थेट हायलायटर. जांभळ्यातून पोपटीत उतरत जाणारा रंग, टोकाला रबरी बूच. बटण कुठेच नाही. तोंडाने ओढलं की आतला सेन्सर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तापवतो, आतल्या द्रवाची वाफ होते आणि बुडाशी बारीक दिवा लागतो. राख नाही, काडीपेटी नाही, बोटांना वास नाही. पेटी उघडली की आंब्याच्या गोळ्यांसारखा वास येतो. मुलाच्या आईला तो बॉडी स्प्रेचा वाटायचा, यात त्या माउलीची काय चूक? मोठ्यांच्या नजरेतून निसटावी अशीच ही वस्तू घडवली आहे.

खोक्यावर एमआरपी नाही, आयातदाराचं नाव नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हे सगळं असतं. इथे असणार कसं? २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच देशभर बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी चौघांनी वर्गणी काढून बाराशे रुपयांना ती घेतली, क्लासच्या बाहेर, मोबाइलवर मेसेज टाकून. विकणाऱ्याने वय विचारलं नाही.

खोक्यावर एकच आकडा ठळक होता: ५%. मुलगा मला म्हणाला, “बाई, तंबाखू नाहीये यात. नुसता फ्लेवर आहे, आणि निकोटीन फक्त पाच टक्के.” मी त्याला फळ्यावर गणित करायला लावलं. ५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. आत द्रव १० मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात जातं साधारण १ ते २ मिलिग्रॅम. यातलं सगळं काही अंगात जात नाही हे धरलं, तरी खडू हातात घेऊन तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. युरोपीय संघात जिथे ई-सिगारेट कायद्याने विकता येते, तिथेसुद्धा मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आहे.

मला सर्वांत जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. पहिल्या बिडीला जोराचा ठसका लागतो आणि पुष्कळ मुलं तिथूनच मागे फिरतात. या द्रवात निकोटीनचा क्षार वापरतात, त्यामुळे घसा जळत नाही, आणि वर आंबा आणि गारवा. मुलाला थांबवणारा ठसकाच काढून घेतलाय! मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटीनची सवय लवकर जडते आणि लक्ष लागणं अवघड होतं. हा मुलगा जोडतासाला बसू शकत नव्हता. पाय हलवत राहायचा, सारखा “बाई, टॉयलेटला जाऊ?” आम्ही त्याला चंचल म्हणत होतो.

त्याला रागावून काही होणार नव्हतं. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मी त्याला दिला. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. फोन आईने न करता त्याने स्वतः केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यायचं, खोल श्वास घ्यायचा, जागा बदलायची. सुरुवातीचे दिवस चिडचिड होणार, घरच्यांनी ती सोसायची. आता जोडतासाला पाणी प्यायला जायची परवानगी त्याने न मागताच मी देते.

घरात अशी वस्तू सापडली तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आत लिथियम बॅटरी असते, दाबली गेली तर पेट घेते, ई-कचऱ्यातच द्या. तोवर धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. चुकून कुणी तो द्रव चाखलाच, तर घरी उलटी काढत न बसता थेट दवाखाना गाठा आणि खोकं सोबत न्या.