छोटे स्क्रू आखूड करण्यासाठी ड्रेमेल ३०००

एम-३ मापाचे (३ मिलिमीटर व्यासाचे) स्क्रू पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सहज मिळतात. पण दुकानात नसलेली अधलीमधली लांबी हवी असेल, तर स्क्रू घरीच कापून घेणे सोयीचे पडते, आणि त्या कामासाठी ड्रेमेल ३००० हे रोटरी टूल, म्हणजे टोकाला चकती लावून वेगाने फिरणारे हातातले यंत्र, मला मनापासून आवडले आहे. त्याचा वेग मिनिटाला १०,००० ते ३३,००० फेऱ्यांदरम्यान बदलता येतो, त्यामुळे एवढ्याशा वस्तूवरही हाताचा ताबा राहतो. पक्कडीने तोडलेल्या स्क्रूचे आटे चेपतात. चकतीने कापलेल्याचे तसे होत नाही.

खरी मेख पकडण्यात आहे. स्क्रूवर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) नटच धरावेत, म्हणजे आट्यांना जबड्याचा स्पर्शही होत नाही. कापून झाल्यावर टोकाची धार कानशीने मोडून नट बाहेर काढले, की काढता काढता तेच शेवटचे आटे सरळ करतात. साध्या पातळ चकत्या किंचित तिरका दाब पडताच तुटून उडतात. म्हणून तंतूंनी मजबूत केलेली ३८ मिलिमीटरची चकतीच घ्यावी, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये.

कापलेला स्क्रू बराच तापतो, तेव्हा लगेच हात लावू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या स्क्रूचे कापलेले टोक उघडे पडते. पुण्याच्या पावसाळ्यात ते गंजू नये यासाठी तेलाचा थेंब पुरतो. लाकडात बसवायच्या टोकदार स्क्रूंसाठी मात्र ही पद्धत निरुपयोगी आहे.