जळलेले तांबे परत देणारे मोटर वाइंडिंगचे दुकान

एप्रिलमध्ये आमच्या आगरातली एक एचपीची मोटर जळली. सुपारीला उन्हाळ्यात शिपणे चुकवून चालत नाही, त्यामुळे विहिरीवरची मोटर बंद पडली की घरातले माणूस आजारी पडल्यासारखी धावपळ होते. दापोलीहून हर्णैकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत, लाल चिऱ्याच्या एका खोलीत मोटर वाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारे, जे दुकान आहे, तेथे मी गेली आठ वर्षे जातो. दुकानाला पाटी नाही. दाराशी रचलेल्या गंजक्या पंपांवरून ते ओळखावे.

मोटर बाकावर ठेवताच मालकांनी ती उघडली, स्टेटर, म्हणजे तिचा न फिरणारा भाग, उजेडाकडे धरला आणि काळी पडलेली वेटोळी मला दाखवली. संध्याकाळी व्होल्टेज घसरले की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते, तार तापते आणि तिच्यावरचे इनॅमल जळते, हे त्यांनी शाळामास्तराच्या चिकाटीने समजावले. गेल्या वर्षी हीच मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. तेव्हा वाइंडिंग गेले असे त्यांनी सांगितले असते तरी मी मान डोलावली असती. परंतु त्यांनी मोटरीला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तेवढा बदलला आणि 180 रुपये घेतले. या वर्षी मात्र 2,600 रुपये सांगितले आणि माझ्या सर्व आर्जवांनंतरही त्यातला एक रुपया कमी केला नाही.

कमी का करत नाहीत, ते पावती पाहिल्यावर कळते. तार, इन्सुलेशन पेपर, वार्निश, बेअरिंग आणि मजुरी असे पाच आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. जळलेली तार काढल्यावर ती माझ्यासमोर तराजूत टाकली; आठशे ग्रॅमच्या आसपास भरली. भंगारात तांब्याला चांगला भाव येतो आणि बहुतेक ठिकाणी ही मोड दुकानदाराकडेच राहते, गिऱ्हाइकाला तिची आठवणही नसते. “काका, तार तुमची, मी कशी ठेवू? हवी तर घरी न्या, नाहीतर बिलातून वळती करतो,” असे म्हणून त्यांनी 450 रुपये वजा केले. तालुक्यातल्या दुसऱ्या एका दुकानाने पूर्वी मला याच कामात सातशे रुपये स्वस्त पडतील असे सांगून अॅल्युमिनियमची तार भरून दिली होती. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याहून जास्त असल्यामुळे ती मोटर पहिल्या दिवसापासून तापत राहिली आणि पुढचा पावसाळाही तिने पाहिला नाही.

या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे बदलीचे पंप. तुमची मोटर दुरुस्तीला असेल तोवर दोन जुन्या पंपांपैकी जो मोकळा असेल तो विनामूल्य मिळतो; अनामत नाही, वहीत फक्त नाव आणि तारीख. पंप कोरडा चालवून सील जाळले, तर मात्र सीलचे पैसे पंप नेणाऱ्याने द्यायचे. हे औदार्य खरेच आहे, पण त्यात हिशेबही आहे आणि तो मला मुळीच खटकत नाही. नव्या वाइंडिंगवरचे वार्निश नीट सुकायला वेळ द्यावा लागतो. आगर वाळत असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी डोक्यावर येऊन बसते आणि घाईत दिलेली मोटर सहा महिन्यांच्या हमीत परत येते. उसना पंप पाणी ओढत असतो, तोवर मालकांना काम नीट करता येते.

उधारीबाबत मात्र ते आता कडक आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि इकडच्या आगरांतली माडापोफळींची झाडे आडवी झाली. वीज कित्येक दिवस नव्हती, आणि जेव्हा आली तेव्हा पाणी गेलेल्या मोटरींची रीघ दुकानाशी लागली. मालकांनी त्या महिन्यांत मजुरी घेतलीच नाही आणि मालही वहीवर दिला. नवी पोफळ लावल्यावर उत्पन्नाला पाच-सहा वर्षे जातात. तेव्हा ज्यांचे आगरच गेले, ते वहीतले पैसे आणणार कोठून? इकडे तांब्याच्या तारेचे पैसे व्यापाऱ्याला रोख द्यावे लागत होते, आणि पुढच्या वर्षी काही आठवडे तार नाही म्हणून दुकान बंद ठेवावे लागले. तेव्हापासून माल रोख, मजुरी मात्र आंबा-सुपारीचे पैसे हाती येईपर्यंत थांबेल, असा नियम आहे. घरी येऊन मोटर उतरवायचे 250 रुपये तर सख्ख्या चुलतभावालाही माफ नाहीत, हे त्या भावानेच मला किंचित रागाने सांगितले.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. येथे तपासणी फुकट असते. परिणामी सकाळी नऊपासून मिक्सर, टेबल फॅन, इस्त्र्या, एकदा तर लहान मुलाची खेळण्यातली गाडीसुद्धा बाकावर येऊन बसते. निम्मे लोक दोष कळला की वस्तू उचलून निघून जातात. त्यात मालकांचा अर्धा दिवस जातो आणि पैसे मोजून दुरुस्तीला दिलेली मोटर मागे राहते. मला शुक्रवार सांगितला होता, मोटर मंगळवारी मिळाली आणि मधल्या दिवसांत फोन उचलला गेला नाही. तपासणीचे पन्नास रुपये घ्यावेत आणि दुरुस्ती केल्यास ते बिलातून वळते करावेत, असे मी त्यांना सुचवले. नुसते बघायचे पैसे कसे मागायचे, असे म्हणून ते हसले. माझ्या मते ही त्यांची चूक आहे, कारण या फुकटाची किंमत माझ्यासारखी ताटकळणारी गिऱ्हाइके भरतात.

मोटर नेताना फूटव्हॉल्व्हही, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप, काढून न्यावा; तो गळत असेल तर तिथल्या तिथे वायसर बदलून मिळतो. या वेळी वजावट जाऊन 2,150 रुपये झाले होते. उसन्या पंपाबद्दल म्हणून मी 2,250 ठेवले आणि उरलेले परत घेण्यास नकार दिला. घरी येऊन पावती उलटली, तर मागे पेन्सिलीने लिहिले होते : जमा 100, पुढच्या कामात वजा.